घंटा जुनी, पण वसईची का?

आहुप्याकडून रानवाटेने भीमाशंकरला उतरणाऱ्याला शनीच्या देवळासमोर दोन खांबांमध्ये टांगलेली भली मोठी घंटा दिसते. तिच्यावर १७२९ साल आहे. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेले: चिमाजीअप्पांनी १७३९ला पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तिथून आणली. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ची, वाईजवळच्या मेणवलीची १७०७ची. त्यांचीही कुळकथा हीच. पण आधी एक फोड करून घेऊ. घंटा त्या काळची, पोर्तुगीज आहे का, हा एक प्रश्न. ती वसईच्या मोहिमेतच हाती आली का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर घंटाच देते, दुसऱ्याचे तिला सहसा देता येत नाही.

रशियन घड्याळे जमवणाऱ्यांना हा पेच पाठ आहे. १२ एप्रिल १९६१ला युरी गागारिन अवकाशात गेला, तेव्हा त्याच्या हातात ‘श्तुर्मान्स्की’ घड्याळ होते. ‘गागारिनबरोबर गेलेले’ म्हणून कुणी घड्याळ पुढे केले आणि मागचे झाकण काढल्यावर आत ३१३३ क्रमांकाचे यंत्र निघाले, तर बोलणेच खुंटते. ते यंत्र १९७०च्या दशकातले. पण यंत्र, डायल, काटे सगळे १९६१चे निघाले, तरी काय सिद्ध झाले? तशी कितीतरी घड्याळे जमिनीवरच चालली, आणि भारहीनतेचा व्रण काही पोलादावर उमटत नाही. तिथे कागदच लागतो, आणि तोही उड्डाणाच्या वेळचा. वीस वर्षांनी सही करून दिलेला दाखला सांगतो ती आठवण. मुंबईत नव्याने रंगवलेल्या डायलची जुनी घड्याळे पाहिलेल्या मराठी माणसाला हा संशय शिकवायला नको.

घंटेचेही तसेच. तिच्यावरचे साल १७३९ नंतरचे असेल तर वसईची कथा संपली. आधीचे असेल तर संपली नाही, एवढेच. अक्षरांवरून बोट फिरवा. साच्यातून ओतलेली अक्षरे उठून येतात, त्यांच्या कडा बोथट असतात; मागाहून छिन्नीने कोरलेली आत जातात. धातूवर मात्र फार भिस्त नको. युरोपातल्या घंटेत आणि आपल्या काशात, दोन्हींत, ढोबळमानाने चार भाग तांबे नि एक भाग कथील.

शिवाय पोर्तुगीजांचा मुलूख म्हणजे एकटी वसई नव्हे. ठाणे १७३७लाच मराठ्यांकडे आले, वसई मे १७३९ला पडली, चौल-रेवदंडा १७४०ला मिळाला. चर्च आणि घंटा या सगळ्या ठिकाणी होत्या. मोठ्या विजयाचे नाव लहान विजयांच्या लुटीलाही चिकटत असावे, असे मला वाटते.

म्हणून अखेर दफ्तर उलगडावे लागते. सरदेसायांनी संपादलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड आहेत, पांडुरंग पिसुर्लेकरांचे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ आहे. त्यांत ‘घंटा’ हा शब्द शोधून थांबू नये. भीमाशंकरच्या घंटेचे एवढे वजन कोकणातून घाटमाथ्यावर चढले कसे, हे विचारावे. खांडसकडच्या शिडीच्या वाटेने तर नक्कीच नाही; आहुपे घाटाने, की बोरघाटाने पुण्यावरून? बैल लागले असतील, माणसे लागली असतील, आणि पेशवाईतला कारकून हमालीचा पैसा लिहिल्यावाचून सोडणारा नव्हता. सुरुवात जमाखर्चापासून करावी.