पाण्यावरील चुंबकीय प्रक्रिया आणि बाष्पकातील क्षारपुट : एका शास्त्रीय वादाचा इतिहास

प्रस्तावना :
कठीण पाणी, ज्यास बोलीभाषेत जड पाणी म्हटले जाते, ते तापविले असता भांड्याच्या आतून पांढरे पुट धरते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचे उष्णतेने विघटन होते आणि कॅल्शियम कार्बोनेट पृष्ठभागावर साचते. घरच्या बंबात हा केवळ त्रास असतो. वाफेच्या बाष्पकात मात्र तो धोका ठरतो. पुट उष्णतेचे वहन रोखते, इंधन अधिक जाळावे लागते व नळ्यांचा धातू प्रमाणाबाहेर तापून निकामी होतो. एकोणिसाव्या शतकातील कारखानदारी वाफेवरच उभी असल्यामुळे या पुटाचा प्रश्न अर्थकारणाचाही होता. रसायनशास्त्राने त्यास उत्तर दिले. ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये चुन्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले, तर विसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी झिओलाइटचा वापर पुढे आणला. तथापि एका पद्धतीत गाळ उरतो, तर दुसरीस मिठाचा खर्च येतो. रसायनाशिवाय हे काम साधण्याचे आकर्षण त्यामुळेच टिकून राहिले.

सदर निबंधात चुंबकीय प्रक्रियेच्या वादाचा आढावा घेतला असून, ती तपासली कशी गेली, या प्रश्नावर भर दिला आहे.

पेटंट ते बाजारपेठ :
अमेरिकेत १८७३ मध्ये ए. टी. हे या संशोधकाने आणि १८९० मध्ये फॉन्स व कॅबेल यांनी या प्रकारची पेटंटे घेतली. प्रत्यक्ष व्यापारी उपकरणाचा आरंभ मात्र बेल्जियमचे थिओफिल व्हरमायरन यांच्या १९४५ च्या पेटंटापासून मानला जातो. सोव्हिएत संघात हा विषय अधिक गांभीर्याने घेतला गेला. खनिजशुद्धीकरणाचे अभ्यासक व्ही. आय. क्लासेन यांचा जलीय प्रणालींच्या चुंबकनावरील ग्रंथ १९७८ मध्ये मॉस्को येथे प्रसिद्ध झाला.

अमेरिकेत याच्या उलट चित्र होते. तेथे ही उपकरणे शास्त्रज्ञांआधी विक्रेत्यांच्या हाती गेली. वेल्डर व पार्ट्रिज यांनी १९५४ मध्ये अशा साधनांच्या प्रत्यक्ष उपयोगाची चिकित्सा केली. रोल्फ एलियासन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७-५८ मध्ये प्रायोगिक तपासणीचे प्रतिकूल निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या एका लेखाच्या शीर्षकात 'चमत्कारी' हा शब्द उपरोधाने येतो. त्याच सुमारास एव्हिस या कंपनीच्या जलसंस्कारकाविरुद्ध संघीय व्यापार आयोगाने कारवाई केली. हे उपकरण काटेकोर अर्थाने चुंबकीय नव्हते, परंतु दावे त्याच जातीचे होते. आयोगाचा आदेश १९६१ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला. अर्थात, आदेश रद्द होणे म्हणजे उपकरण सिद्ध होणे नव्हे. बाजाराने हा भेद फारसा पाळला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

एकाच शासनाची दोन उत्तरे :
वादाचे स्वरूप सर्वाधिक स्पष्ट होते ते पुढील प्रसंगात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने १९९८ मध्ये रसायनविरहित क्षारनियंत्रणासंबंधी अनुकूल सूचनापत्र काढले. अवघ्या तीन वर्षांनी, २००१ मध्ये, लष्कराच्या अभियंता दलाच्या प्रयोगशाळेने रॉक आयलंड येथे उष्णता-विनिमयकांवर उपकरणांची चाचणी घेऊन उल्लेखनीय लाभ आढळत नसल्याचे नोंदविले. या चाचणीत उपकरण नसलेला विनिमयकही तुलनेसाठी ठेवला होता. समाधानी ग्राहकाजवळ नेमकी हीच तुलना नसते. पाण्याचा स्रोत, तापमान वा प्रवाह बदलला तरी पुट कमी-अधिक होते व श्रेय मात्र चुंबकास मिळते.

स्फटिकाचा प्रश्न :
येथेच प्रकरण मिटले असते. पण दरम्यान प्रश्नच बदलला होता. पुट बसते की नाही, याऐवजी ते कोणत्या रूपात बसते, असे विचारले जाऊ लागले. कॅल्शियम कार्बोनेट कॅल्साइट व ॲरागोनाइट अशा दोन प्रमुख रूपांत आढळते. पैकी सुईसारख्या ॲरागोनाइटचा थर कमी चिवट असतो, असे या क्षेत्रात मानले जाते. जपानमध्ये हिगाशितानी व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कणनिर्मितीवरील चुंबकीय क्षेत्राचा परिणाम अभ्यासला. बेकर व जड यांनी १९९६ मध्ये उपलब्ध साहित्याचा विस्तृत परामर्श घेतला. डब्लिनच्या मायकेल कोई व स्टीफन कॅस यांनी २००० मध्ये नमुन्यांच्या ३२ जोड्या तपासून, चुंबकीय क्षेत्रातून गेलेल्या पाण्याच्या पुटात ॲरागोनाइटचे प्रमाण वाढते, असे संख्याशास्त्रीय आधारे मांडले. हा परिणाम पाण्यात किमान २०० तास टिकतो, असेही त्यांनी नमूद केले. ज्ञात भौतिकशास्त्रास ही गोष्ट पचणे कठीण होते, कारण पाणी प्रतिचुंबकीय असून त्यावरील क्षेत्राचा प्रभाव अत्यल्प असतो.

वाट दुसऱ्याच दिशेने निघाली. गेबाउअर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखविले की, स्फटिक बनण्यापूर्वीच द्रावणात कॅल्शियम कार्बोनेटचे स्थिर पुंजके असतात. चुंबकाचा प्रभाव पाण्यावर नसून या पुंजक्यांवर असावा, असा तर्क करून कोई यांनी २०१२ मध्ये एक उपपत्ती मांडली. तिच्यात निर्णायक घटक क्षेत्राची तीव्रता नसून अंतरागणिक होणारा तिचा बदल, म्हणजे क्षेत्राची प्रवणता, हा आहे. तसे असेल तर केवळ चुंबकाची शक्ती नोंदवून केलेल्या जुन्या चाचण्यांची, अनुकूल असोत वा प्रतिकूल, परस्परांशी तुलना करण्यास आवश्यक ती नोंदच त्यांत नाही.