वसमतचा रस्ता आणि मुंबईची सत्ता

वर्षानुवर्षे मूळ धरून बसलेले आणि समाजवादाच्या नावाने राज्य करणारे सरकार केवळ लोकांच्या मोर्च्यांनी उलथून पडते काय, या प्रश्नाचा विचार करताना आपल्याकडे परदेशांचे दाखले देण्याची रीत पडली आहे. परंतु ज्या जिल्ह्याने एका पिढीच्या अवधीत दोन निरनिराळ्या सत्तांशी झुंज घेतली, त्या परभणीच्या इतिहासाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही.

पहिली झुंज निजामाशी होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने 1947 मध्ये लढा पुकारला, तेव्हा शिंदीची झाडे तोडून सरकारच्या अबकारी उत्पन्नावर घाव घालणे, करोडगिरीची नाकी जाळणे, वऱ्हाडच्या सरहद्दीवरील तळांवरून आत शिरून पोलीस ठाण्यांना हैराण करणे, अशा उपायांनी खेड्यापाड्यांतील माणसांनी त्या राजवटीचा महसूल आणि दरारा हे दोन्ही खिळखिळे केले. तरीही तख्त प्रत्यक्ष खाली आले ते 13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांत, भारतीय फौजा आत आल्यावर.

दुसरी झुंज आपल्याच माणसांशी होती, म्हणून ती अधिक अवघड. आवडीच्या अधिवेशनात 1955 साली काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. 1972 च्या निवडणुकीत महाराष्ट्रात त्या पक्षाला 270 पैकी 222 जागा मिळाल्या, आणि वसंतराव नाईक 1963 पासून अखंड मुख्यमंत्रिपदी होते. एवढी भक्कम बैठक असलेल्या सरकारला मराठवाडा नागपूर करारात कबूल झालेल्या न्याय्य वाटणीची आठवण देत होता. राहुरीला 1968 मध्ये व अकोल्याला 1969 मध्ये कृषी विद्यापीठ झाले. परभणीला ते मे 1972 मध्ये मिळाले. मनमाडहून येणारा लोहमार्ग तर मीटर गेजचाच राहिला होता. मुंबईच्या उतारूंना मनमाडला गाडी बदलावी लागे, आणि परभणीच्या गंजातील कापसाच्या गाठी तेथे एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवाव्या लागत, त्याचा वेळ, हमाली व नुकसान या सर्वांचा बोजा अखेर शेतकऱ्याच्याच माथी बसे. याच काळात दुष्काळाने गावेच्या गावे खडी फोडायला बसवली, आणि शिकून घरी आलेल्या मुलांना नोकरी नव्हती.

त्या असंतोषाला 1974 मध्ये तोंड फुटले ते वसमत येथे, जे तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. विद्यार्थ्यांच्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात विद्यार्थी बळी पडले, आणि तालुक्याच्या गावचे गाऱ्हाणे पाहता पाहता साऱ्या मराठवाड्याचे विकास आंदोलन झाले. गोविंदभाई श्रॉफांसारखे निजामाशी झुंजलेले लोक त्याच्या अग्रभागी आले. ज्या हातांनी त्यांनी स्वराज्य आणले, त्याच हातांनी स्वराज्याच्या सरकारकडे जाब मागणे त्यांना भाग पडले, ही गोष्ट मला आजही व्यथित करते.

शेजारच्या गुजरातेत त्याच वर्षी 9 फेब्रुवारीला विद्यार्थ्यांच्या आंदोलनापुढे मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांनी राजीनामा दिला आणि पुढे विधानसभाही विसर्जित झाली. मुंबईत तसे घडले नाही. फेब्रुवारी 1975 मध्ये नाईक गेले व नांदेडचे शंकरराव चव्हाण आले. म्हणजे मराठवाड्याला प्रथमच मुख्यमंत्री मिळाला, पण पक्ष, बहुमत आणि सचिवालय जागच्या जागी राहिले. ही निवड दिल्लीत झाली, व तिच्यामागे पक्षांतर्गत हिशेबही होते. तरी वसमतचा आवाज तेथवर पोचला नसता तर तो हिशेब असा मांडला गेला असता, असे मला वाटत नाही. महाराष्ट्रात काँग्रेसचे राज्य प्रथम कोसळले ते जुलै 1978 मध्ये, विधानसभेतील फाटाफुटीने. पोलंडचा अनुभव याहून फार वेगळा नाही: 1980 ची कामगारांची प्रचंड चळवळ पुढील वर्षी लष्करी कायद्याने दडपली गेली, आणि सत्ता हलली ती 4 जून 1989 च्या मतदानाने; त्याच दिवशी बीजिंगमध्ये मात्र आंदोलन चिरडणारे रणगाडे चौकात होते, कारण तेथील सेना सत्तेची साथ सोडायला तयार झाली नाही. जमाव सत्तेची लाज काढतो; तिचे आधार मात्र फौज, आमदार किंवा मतदार यांनीच काढून घ्यावे लागतात.

जमावाची शक्ती नेहमी न्यायाच्याच बाजूने उभी राहते असेही नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलै 1978 मध्ये होताच याच मराठवाड्यातील गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. विकासासाठी एकत्र आलेला समाज आपल्यातल्याच दुर्बलांवर तुटून पडला, हा कलंक त्या दशकाच्या कोणत्याही प्रामाणिक इतिहासातून पुसता येणार नाही.

आंदोलनाने जे मागितले, ते तुकड्यातुकड्यांनी आणि विलंबाने हाती आले. परभणीचा लोहमार्ग रुंद झाला तो 1990 नंतरच्या दशकात. अनुशेष मोजण्यासाठी दांडेकर समिती 1983 मध्ये नेमली गेली. घटनेच्या 371 व्या कलमानुसार वैधानिक विकास मंडळ स्थापन झाले 1994 मध्ये, म्हणजे गोळीबारानंतर वीस वर्षांनी. वसमत 1999 पासून हिंगोली जिल्ह्यात आहे, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाला 2013 पासून वसंतराव नाईकांचे नाव आहे. विकास मंडळाची मुदत मात्र 30 एप्रिल 2020 रोजी संपली, आणि त्या दिवशी परभणीत वा वसमतला एकही मोर्चा निघाला नाही. टाळेबंदीत तो निघणे शक्यही नव्हते.