निबंध छापला गेला, सदर मिळालं नाही

मानवी हक्कांवर वर्तमानपत्रात सदर लिहायला स्त्री-पत्रकारांना कसं तयार करायचं, हा आजचा विषय. ऐकताना तो कार्यशाळेतला वाटतो. पण त्याला इतिहास आहे, आणि आपल्याकडे तो निदान १८५५ पर्यंत मागे जातो.

त्या वर्षी १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या ‘ज्ञानोदय’मध्ये ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध दोन भागांत छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे. वय १४, मांग समाजातली, पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी. मानवी हक्कांचा जाहीरनामा यायला अजून ९३ वर्षं होती.

मुक्ता काय करते ते नीट पाहा. घरावर छप्पर नसताना आपल्या बायका बाळंत होतात, हे ती सांगते; म्हणजे जवळून दिसलेलं मांडते. पेशवाईत आपल्या लोकांवर काय जुलूम झाले, ते सांगताना करणाऱ्यांची नावं घेते. आणि मग युक्तिवाद करते : वेद फक्त ब्राह्मणांचे असतील, तर आमचा धर्मग्रंथ कोणता? आणि ग्रंथच नसेल, तर आमचा धर्म कोणता? समोरच्याचंच म्हणणं घ्यायचं आणि त्याच्याच पोटातून त्याला अडचणीत आणणारा निष्कर्ष काढायचा, याला तत्त्वज्ञानात प्रसंगापादन म्हणतात. इथे चौदा वर्षांची मुलगी ते सहज करते.

शीर्षकात ‘दुःख’ आहे, पण आत आहे तो हक्क. आम्हाला हा फरक फार मोलाचा वाटतो. दुःख सांगितलं की ऐकणारा हळहळतो आणि घरी जातो. हक्क सांगितला की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. पाहिलेलं मांडणं, जबाबदार कोण ते विचारणं, मग युक्तिवाद करणं : प्रशिक्षण म्हणतात ते हेच. ते मुक्ताला त्या शाळेत मिळालं.

पण पुढे? मुक्ताचं दुसरं लेखन आज उपलब्ध नाही. निबंध छापला गेला, सदर मिळालं नाही. सदर म्हणजे काय हो? पुढच्या आठवड्यातही माझी जागा राखलेली आहे, ही खात्री. ती खात्री देणं संपादकाच्या हातात असतं, आणि संपादकाच्या खुर्चीपर्यंत बाई पोचायला बराच काळ गेला. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या ‘दीनबंधू’ची धुरा १९०६ मध्ये तानुबाई बिर्जे यांच्याकडे आली, तीही संपादक पती वारल्यावर.

शिक्षण आणि जागा या दोन्ही गोष्टी एकाच हातात आल्या तर काय होतं, याचं उदाहरण मात्र महाराष्ट्राबाहेर पाहावं लागतं. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूट जिल्ह्यात, कर्वी इथे, २००२ मध्ये ‘खबर लहरिया’ हे बुंदेली भाषेतलं पत्र निघालं. दिल्लीच्या ‘निरंतर’ संस्थेने ग्रामीण बायकांना, त्यातही दलित बायकांना, शिकवून उभं केलं. काहींची अक्षरओळखही नवी होती. बातमी आणणं, लिहिणं, संपादन करणं, अंक विकणं, सगळं त्यांच्याकडेच. रेशन, पाणी, मजुरी, बायकांवरचे अत्याचार हे त्यांचे विषय. २००९ मध्ये या कामाला युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार मिळाला. त्यांनी बोली सोडली नाही, याचीही नोंद घ्या. तक्रार ज्या भाषेत केली जाते त्याच भाषेत ती छापली गेली, तर गावातला अधिकारी ‘मला कळलं नाही’ म्हणू शकत नाही.

तेव्हा आजच्या प्रशिक्षणाकडे आम्ही एकाच प्रश्नाने पाहतो. तीन दिवसांचं शिबिर झालं, प्रमाणपत्रं वाटली, फोटो निघाला, ठीक. पण शिबिराहून परतलेल्या बाईसाठी कोणत्या पानावर, कोणत्या वारी, किती शब्दांची जागा राखली आहे? याचं उत्तर नसेल, तर १७० वर्षांनंतरही आपण मुक्ताला एकच निबंध लिहू देतो आहोत, असंच म्हणावं लागेल.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.