जबडा, कान आणि सुपारी

कोकणातल्या धामापूरच्या तळ्याभोवती माड आणि पोफळी दाट. तळ्याचा बांध 1530 साली नागेश देसायांनी घातला असं सांगतात. बागायत त्याच पाण्यावर. त्या पोफळीचं फळ चघळणारा माणूस ‘तोंड उघडत नाही’ म्हणत दंतवैद्याकडे गेला, तर पहिला प्रश्न सुपारीचाच होतो. या प्रश्नाचं वय मात्र जेमतेम सत्तर वर्षं.

त्या मानाने निखळलेला जबडा बसवायची युक्ती फार जुनी. इजिप्तच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या पपायरसात ती आहे: अंगठे तोंडात, बोटं हनुवटीखाली, आणि मागे ढकला. आजही तसंच करतात, फक्त अंगठ्यांना गॉज गुंडाळून. सांधा बसताच दात खटकन मिटतात ना!

निखळत नाही पण दुखतो, कटकट वाजतो, अशा सांध्याचा बोलबाला 1934 मध्ये झाला, आणि तोही दंतवैद्यामुळे नव्हे. सेंट लुईसचे जेम्स कॉस्टेन कान-नाक-घशाचे डॉक्टर. सांधा कानाच्या अगदी पुढ्यात, त्यामुळे रोगी कान धरूनच येत. दाढा पडल्या की जबडा जास्त मिटतो आणि नसा दाबल्या जातात, म्हणून चावा उंच करा, असं त्यांचं म्हणणं. नसांचा तर्क पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी खोडला, पण तोवर दुखणं दंतवैद्यांच्या पदरात पडलं होतं. आज रात्री दातांवर चढवायला देतात ती स्प्लिंट त्या उपायाची नातच. तिचं काम मात्र आता स्नायूंना उसंत देणं आणि दात झिजू न देणं.

सुपारीची शाखा वेगळी. 1952 मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांची, तर 1953 मध्ये मुंबईच्या एस. जी. जोशींनी इथल्या रोग्यांची नोंद केली. टाळू ताठ, तोंड आवळलेलं. जोशींचा लेखही कान-नाक-घशाच्याच नियतकालिकात! 1966 मध्ये डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या सत्यवती सिरसाट यांनी या सबम्यूकस फायब्रोसिसची सविस्तर मांडणी केली. सुपारीतलं अरेकोलिन आणि तांबं गालाच्या अस्तराखाली कोलॅजन साठवतात, घट्ट विणतात. सांधा बिचारा निरोगी असतो, त्यामुळे स्प्लिंट इथे निरुपयोगी. आपलीच तीन बोटं उभी तोंडात जाईनाशी झाली की सुपारी सोडायची, व्यायाम करायचा, इंजेक्शनं घ्यायची. फारच आवळलं तर शस्त्रक्रिया. ताठरलेलं अस्तर पूर्ववत मऊ होणं अवघड.

‘तंबाखू नाही, नुसती सुपारीच आहे’ ही आपली आवडती सबब. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं. महाराष्ट्रात 2012 मध्ये बंदी आली ती गुटखा आणि पानमसाल्यावर.