जन्मजात गुन्हेगारीचा कायदा आणि मिशनची सेटलमेंट

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य प्रभूला जो प्रश्न विचारतात, त्याच्या मुळाशी दोष आईबापांकडून लेकरांकडे येतो ही समजूत आहे. प्रभूने ती तेथेच नाकारली. परंतु ख्रिस्ती म्हणविणाऱ्या एका राजसत्तेने 1871 साली ह्या देशात तीच समजूत कायद्याच्या रूपाने प्रस्थापित केली, आणि पुढे काही मिशनांनी त्या कायद्याच्या अंमलबजावणीस हातभार लावला. मंडळीच्या इतिहासातील हे प्रकरण आपण सहसा उघडीत नाही.

गुन्हेगार जमातींचा कायदा 12 ऑक्टोबर 1871 रोजी संमत झाला. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार, असा त्यामागील युक्तिवाद होता. एरव्ही जातिसंस्थेला नावे ठेवणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी येथे तिचाच आधार घ्यावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की तिच्यातील माणसांची नावे नोंदवहीत चढत, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि परवान्यावाचून ठरलेली हद्द ओलांडता येत नसे. ह्याहून गंभीर तरतूद निराळीच होती. त्या जाहीरनाम्याच्या वैधतेविषयी कोणत्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करण्यास कायद्याने मनाई केली होती. खुनाच्या आरोपीलाही न्यायाधीशासमोर उभे राहून आपली बाजू मांडता येते. येथे आरोप कोणा एकाच्या कृत्याविषयी नव्हताच, तेव्हा त्याचे निरसन कोणी आणि कसे करावयाचे? 1897 च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली.

आरंभी हा कायदा उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. 1911 च्या कायद्याने तो मुंबई व मद्रास इलाख्यांतही आला आणि वसाहतींचे युग सुरू झाले. सोलापूर, हुबळी, गदग येथे त्या उभ्या राहिल्या. लोकांच्या तोंडी त्यांचे नाव ‘सेटलमेंट’ असे रुळले. कैकाडी, पारधी, कंजारभाट, मांग-गारुडी, टकारी अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड वसविण्यात आले. सोलापूरच्या गिरण्यांना मजूर हवे होते, ही गोष्टही ह्या परोपकारात विसरता येणार नाही. दिवसा गिरणी आणि रात्री हजेरी, असा तो क्रम होता.

ह्या वसाहतींचा कारभार पाहण्यासाठी सरकारने मिशनांना पाचारण केले. उत्तरेत मुक्तिफौजेने 1908 च्या सुमारास गोरखपूर येथे हे काम हाती घेतले. तेलुगू प्रदेशातील स्टुअर्टपुरम ही तिचीच वसाहत. सोलापूरच्या सेटलमेंटची जबाबदारी अमेरिकन मराठी मिशनने काही काळ सांभाळली. ह्या मिशनऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे प्रस्तुत लेखकास कारण नाही. त्यांनी शाळा चालविल्या, आजाऱ्यांची सेवा केली, पोलिसांच्या छळापेक्षा त्यांची देखरेख पुष्कळांस सुसह्य वाटली असेल. तरीही ज्यांनी नव्या जन्माची सुवार्ता सांगावयाची, त्यांच्याच हाती जुन्या जन्माची नोंदवही होती. पवित्र शास्त्र पापाविषयी बोलते तेव्हा ते सर्व माणसांना एका रांगेत उभे करते. ह्या कायद्याने काही जमाती तेवढ्या वेगळ्या काढल्या आणि उरलेल्यांना सभ्य ठरविले. ‘सुधारणा’ हा शब्द दोन्हीकडे होता, म्हणून फरक कोणाच्या ध्यानात आला नसावा. पश्चात्ताप ज्याच्याकडून अपेक्षित होता त्याने कोणता गुन्हा केला, हे मात्र पुष्कळदा कोणी विचारलेच नव्हते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने 1949 मध्ये हा कायदा रद्द केला. अनंतशयनम अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर 31 ऑगस्ट 1952 रोजी तो देशभर रद्द झाला. शंभराहून अधिक जमाती आणि वीस लाखांहून अधिक माणसे ‘विमुक्त’ झाली. परंतु त्याच सुमारास राज्याराज्यांतून सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा 1959 चा. ह्यांत जमातीऐवजी व्यक्तीचा विचार होता, हे तत्त्वतः मोठेच पाऊल. व्यवहारात मात्र गावात चोरी झाली की पोलिसांची पावले पूर्वीच्याच पालांकडे वळत राहिली. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ ही आत्मकथने ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे निराळे सांगावयास नको.

संशयाचे हे वळण पोलिसांपुरते राहिले नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरिता आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ही भटकी जमात. अनोळखी वेश आणि पाठीवरचे बिऱ्हाड एवढाच पुरावा जमावाला पुरला. त्याच महिन्याच्या 17 तारखेस सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविषयीच्या एका याचिकेवर निर्णय देताना प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचा आदेश दिला आणि स्वतंत्र कायदा करण्याची शिफारस संसदेस केली. पुढे 1 जुलै 2024 रोजी, म्हणजे राईनपाड्याच्या घटनेस बरोबर सहा वर्षे होत असताना, भारतीय न्याय संहिता अमलात आली. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणांवरून केलेला खून तिच्या कलम 103 मध्ये वेगळा नमूद आहे. (धर्म हा शब्द त्या यादीत नाही, हे वाचकांनी पाहून ठेवावे.) ह्या तरतुदीतही कारण सिद्ध करावे लागते, आणि अफवेवरून मारणारा जमाव आपण जातीसाठी मारले असे कधी म्हणत नाही.

ह्यानंतर तीन महिन्यांनी, 3 ऑक्टोबर 2024 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्या तपासल्या. विमुक्त जमातींच्या बंद्यांना जन्मावरूनच सराईत मानणारे नियम काही राज्यांत तोवर शिल्लक होते. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले आणि तुरुंगातील बंद्यांच्या नोंदवह्यांमधून जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.