प्रकरण सुटले की विषय सुटतो

चर्चा विषय सोडून भलतीकडे का जाते, हा प्रश्न आपण बहुधा शिस्तीचा प्रश्न समजतो. बोलणाऱ्यांना संयम नाही, अध्यक्षांना वेळेचे भान नाही, श्रोत्यांना चघळायला काहीतरी हवे असते, अशी कारणे आपण देतो आणि मोकळे होतो. परंतु विषयांतराला स्वतःचा इतिहास आहे. त्या इतिहासाकडे पाहिले तर असे दिसते की सर्वच विषयांतरे एका जातीची नसतात. काही चर्चेला मारतात आणि काही तिला जागवतात. हा भेद कसा ओळखावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्राचीन न्यायशास्त्राने या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला होता. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व जाणून घेण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची पाडण्यासाठी होते ती वितंडा. आज आपण ‘वाद’ हा शब्द भांडणाच्या अर्थाने वापरतो आणि ‘वितंडवाद’ असा जोडशब्दही सहज लिहून जातो. मूळ विभागणीत हे दोन शब्द एकमेकांपासून मुद्दाम दूर ठेवलेले होते. याच सूत्रांच्या पाचव्या अध्यायात पराभवाची 22 स्थाने, म्हणजे निग्रहस्थाने, दिली आहेत. त्यांत ‘अर्थांतर’ आहे: चाललेल्या विषयाशी संबंध नसलेले बोलू लागणे. मूळ प्रतिज्ञाच बदलणे, हेतू बदलणे, ‘मला दुसरे काम आहे’ असे सांगून चर्चा मोडणे, यांनाही स्वतंत्र नावे आहेत.

अर्थांतरासाठी वात्स्यायनाने आपल्या भाष्यात दिलेले उदाहरण साहित्याच्या विद्यार्थ्यांना विशेष आवडावे. एक जण शब्द नित्य आहे असे सिद्ध करायला निघतो, त्यासाठी एक हेतू देतो, आणि तो टिकणार नाही असे दिसताच ‘हेतु’ हा शब्द कोणत्या धातूपासून कोणता प्रत्यय लागून बनला, पदांचे प्रकार किती, याचे व्याख्यान सुरू करतो. त्याचे प्रत्येक वाक्य खरे आहे आणि त्याचा विद्वत्तेचा आवही खोटा नाही. तरीही तो हरला आहे, कारण हे सर्व त्याने उत्तर टाळण्यासाठी सांगितले. विषयांतर असत्य असण्याची गरज नसते, हे या उदाहरणाचे मर्म होय. बहुतेक विषयांतरे खऱ्या माहितीच्या आधारानेच होतात. म्हणून ती पकडणे अवघड जाते.

मात्र आपल्याकडील परंपरेने विषयांतराला केवळ दोष मानले नाही. एका विचारातून दुसरा का निघाला हे सांगण्यासाठी शास्त्रकारांनी ‘संगती’ची कल्पना मांडली, आणि तिच्या प्रकारांत ‘प्रसंगसंगती’ही घेतली: बोलता बोलता आठवलेली, पण उपेक्षा करता येणार नाही अशी गोष्ट. ज्ञानेश्वरीतले निरूपण याच वाटेने जाते. ज्ञानदेव दृष्टांतांच्या मागे दूरवर जातात, तेराव्या अध्यायात अहिंसेच्या एका पदावर दीर्घ रेंगाळतात, आणि पुन्हा श्रोत्यांची समजूत काढून मूळ सूत्रावर येतात. तेथे विषयांतर आहे. पण परत येण्याची जबाबदारीही आहे, आणि त्या जबाबदारीची आठवण देणारे श्रोते ग्रंथातच बसलेले आहेत.

या दृष्टीने विदर्भाच्या मातीतला एक अनुभव फार मोलाचा वाटतो. श्रीचक्रधरांच्या चरित्रातील पहिला निर्णायक प्रसंग रामटेकच्या यात्रेला निघाले असताना वाटेत ऋद्धिपूरला घडतो. तेथे त्यांना गोविंदप्रभू भेटतात. भंडाऱ्याचे नीळभट्ट भांडारेकर त्यांच्या आरंभीच्या अनुयायांपैकी. रामटेक आणि भंडारा यांच्या मधला, कन्हानकाठच्या मौद्याचा सारा टापू म्हणजे या आठवणींचा शेजार होय. चक्रधरांच्या पश्चात, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांना विचारून लीळा गोळा केल्या. लीळाचरित्रात तत्त्वज्ञान सलग येत नाही. कोणी जेवणाबद्दल विचारतो, कोणी वाटेबद्दल, महदाइसेसारखी जिज्ञासू शिष्या प्रश्नामागून प्रश्न करते, आणि त्यातून वचन निघते. संभाषण सारखे वळणे घेते. परंतु ते कोणापुढे, कोठे, कशामुळे झाले, हे आपल्याला ठाऊक असते.

पुढे केशोबासांनी या लीळांतून वचने वेगळी काढली आणि सूत्रपाठ सिद्ध झाला. पाठांतराला आणि चिंतनाला तो सोयीचा होता. पण वचन प्रसंगातून सुटे झाल्यावर एक अडचण उभी राहते: एका विशिष्ट माणसाला, त्याच्या विशिष्ट अवस्थेत सांगितलेले वाक्य सर्वांना सर्वकाळ लागू आहे असे वाटू लागते, आणि ते कोणत्याही वादात कोणत्याही बाजूने वापरता येते. पंथात ‘प्रकरणवश’ हा ग्रंथ निर्माण झाला तो याच गरजेतून, असे म्हणता येईल. सूत्र कोणत्या प्रकरणी निघाले हे तो सांगतो. विषयांतराची एक मोठी मीमांसाच येथे दडलेली आहे. चर्चा विषयापासून दूर जाते, कारण तिचे प्रकरण, म्हणजे ती कोणामुळे सुरू झाली हे, आधी विसरले जाते. बोलणारे मग शब्दांना धरून पुढे जातात आणि शब्दांना कोणतीही दिशा चालते.

एकोणिसाव्या शतकातील संमतिवयाचा वाद हे याचे सर्वांत दुःखद मराठी उदाहरण ठरावे. 1890 साली कलकत्त्यात फुलमणी दासी ही बालिका पतीच्या शरीरसंबंधामुळे मरण पावली. तिने वयाची 10 वर्षे ओलांडलेली असल्यामुळे तेव्हाच्या कायद्याने पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू होत नव्हता. संमतीचे वय 10 वरून 12 करणारे विधेयक जानेवारी 1891 मध्ये मांडले गेले आणि मार्चमध्ये संमत झाले. या काळात पुण्या-मुंबईच्या पत्रांतून आणि सभांतून जी चर्चा झाली तिचा प्रवास पाहण्यासारखा आहे. प्रश्न होता मुलीच्या शरीराचा आणि जिवाचा. तो लवकरच गर्भाधानविधीच्या शास्त्रार्थाचा झाला, रा. गो. भांडारकरांसारख्या पंडिताने शास्त्राधारेच सुधारणेची बाजू मांडली, टिळकांनी त्यांच्या अर्थांना आव्हान दिले. तेथून प्रश्न परक्या सरकारला आमच्या धर्मात हात घालण्याचा अधिकार आहे काय, असा झाला. आणि अखेरीस खरा देशाभिमानी कोण, असा.

यातला प्रत्येक प्रश्न स्वतंत्रपणे महत्त्वाचा होता. परकीय सत्तेच्या मर्यादेचा प्रश्न तर पुढील अर्धशतकाचा मुख्य प्रश्न ठरला, म्हणून टिळकांचा आक्षेप क्षुल्लक म्हणता येत नाही. तरीही चर्चेच्या प्रत्येक वळणाबरोबर ती मुलगी एकेक पाऊल मागे पडत गेली. ‘काय योग्य’ या प्रश्नाची जागा ‘सांगणारे तुम्ही कोण’ या प्रश्नाने घेतली की विषयांतर पूर्ण होते. ‘सुधारक’ पत्रातून आगरकर विवेकाचा आणि स्त्रीच्या यातनेचा प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आणत राहिले, ते एका अर्थाने प्रकरणवशाचेच काम होते.

याच्या उलट उदाहरण 1885 चे. पुण्यात भरणाऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना पाठवले. सभेचा विषय मराठी ग्रंथांची अभिवृद्धी हा होता. फुल्यांनी नकाराचे पत्र लिहिले, ते ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. माणसांना जे हक्क देत नाहीत त्यांच्या ग्रंथांशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय होता. सभेच्या कार्यक्रमपत्रिकेनुसार पाहिले तर हे उघड विषयांतर. ग्रंथांची गोष्ट चालली असता शूद्रातिशूद्रांची गोष्ट कशाला? परंतु ज्यांची भाषा म्हणून मराठीची चिंता वाहायची ती बहुसंख्य माणसेच त्या सभेत नव्हती. फुल्यांनी विषय सोडला नाही. विषयाचा मालक कोण, ते दाखवले. त्या सभेचे वारसदार असलेल्या साहित्य संमेलनांत हा प्रश्न आजही संपलेला नाही.

आता कसोटी स्पष्ट होते. मौदा तालुक्यात धानाच्या पाण्याची गोष्ट निघाली, की ती पेंचच्या कालव्यावर जाते, तेथून नागपूर शहराच्या नळांवर, औष्णिक वीजकेंद्रांवर, आणि बहुधा 1953 च्या नागपूर करारावर व वेगळ्या विदर्भावर. बाहेरच्या माणसाला हे भरकटणे वाटेल. वास्तविक पेंचचेच पाणी शेताला, शहराला आणि विजेला वाटले जाते. गोष्ट पाण्याबरोबरच वाहत असते. ती करारापर्यंत जाऊन पुन्हा बांधावर परतली तर ती प्रसंगसंगती. करारावरच थांबून वक्त्यांच्या पक्षनिष्ठेत रुतली, आणि धान वाळत राहिले, तर ते अर्थांतर.

म्हणून वर्गात किंवा परिसंवादात कोणी ‘हे विषयाला सोडून आहे’ असे म्हणतो, तेव्हा हे बोलणे विषयपत्रिकेपासून किती लांब गेले, हे मोजून भागत नाही. ही चर्चा ज्याच्यामुळे सुरू झाली त्याच्या ते जवळ नेते आहे की त्याला नजरेआड करते आहे, हे विचारावे लागते. फुलमणीच्या बाबतीत हा प्रश्न वेळेवर आणि पुरेशा मोठ्याने विचारला गेला नाही. ग्रंथकार सभेच्या बाबतीत तो विचारणाऱ्याला उत्तर मिळाले नाही. दोन्ही ठिकाणी विषय कार्यक्रमपत्रिकेवर नीट लिहिलेला होता.