वक्तृत्वावरील विधायक अभिप्राय : ग्रीक-रोमन परंपरेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
महाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक गुण देतात व निकाल जाहीर होतो. परंतु आपले नेमके काय चुकले, हे पराभूत विद्यार्थ्यास क्वचितच समजते. त्यांपैकी काही जण पुन्हा व्यासपीठाकडे फिरकत नाहीत. वक्त्याचे दोष कोणी, केव्हा व कसे सांगावेत, या प्रश्नाचा प्रस्तुत निबंधात तीन प्राचीन उदाहरणांच्या आधारे विचार केला आहे.

१) डेमॉस्थेनीस (इ.स.पू. ३८४-३२२) :
अथेन्सच्या लोकसभेतील त्याच्या आरंभीच्या भाषणाची श्रोत्यांनी टर उडविली. प्लुटार्कच्या वृत्तांतानुसार युनोमस या वृद्धाने त्याची शैली पेरिक्लीससारखी असल्याचे सांगून त्याच्या भित्रेपणाबद्दल त्याची कानउघाडणी केली. पुढे सॅटिरस या नटाने त्याला नाटकातील एक उतारा म्हणावयास लावला आणि तोच उतारा स्वतः भावानुकूल म्हणून दाखविला. उणीव शब्दांत नसून उच्चारणात आहे, हे डेमॉस्थेनीसला तेव्हा उमगले. प्लुटार्कने हे सुमारे साडेचार शतकांनंतर लिहिले असल्याने तपशील जपून स्वीकारावा लागतो. तथापि शिक्षणविषयक प्राचीन धारणा त्यातून निश्चित कळते.

२) सिसेरो (इ.स.पू. १०६-४३) :
इ.स.पू. ४६ मधील 'ब्रूटस' या ग्रंथात सिसेरोने स्वतःचाच अनुभव नोंदविला आहे. कृश प्रकृती असूनही तो आवाजात चढउतार न ठेवता सर्व शक्तीनिशी बोलत असे. मित्रांनी व वैद्यांनी वकिली सोडण्याचा सल्ला दिला. सिसेरोने तो मानला नाही. इ.स.पू. ७९ मध्ये तो ग्रीस व आशियाकडे गेला. ऱ्होड्स येथे मोलोन या गुरूने त्याच्या शैलीतील अतिरेकास आवर घातला. दोन वर्षांनी तो परतला, तेव्हा त्याचा आवाज संयत झाला होता. मित्रांचा सल्ला हितबुद्धीचा होता, पण त्यात सुधारणेचा मार्ग नव्हता. मोलोनने तो दाखविला.

३) क्विंटिलियन (इ.स. पहिले शतक) :
रोममध्ये शासकीय वेतनावर वक्तृत्व शिकविणाऱ्या या आचार्याने सुमारे इ.स. ९५ मध्ये आपला बारा खंडांचा ग्रंथ पूर्ण केला. दोष दाखविताना शिक्षकाने कठोर होऊ नये. द्वेष असल्याप्रमाणे रागावणाऱ्या शिक्षकांमुळे मुले अभ्यासापासून दुरावतात, असे तो बजावतो. कोवळ्या वयातील शब्दबाहुल्य सहज छाटता येते, परंतु रुक्षतेवर उपाय नाही, हे त्याचे निरीक्षण मार्मिक आहे. मात्र विद्यार्थ्यांनी उभे राहून परस्परांची वाहवा करण्याची प्रथाही त्याला तितकीच अमान्य होती.

निष्कर्ष :
१. श्रोत्यांचा उपहास दोष उघड करतो, उपाय सांगत नाही.
२. दोष नेमका दाखवून त्याचे प्रात्यक्षिक दिल्यास सुधारणा शक्य होते.
३. अवाजवी स्तुती ही कठोर निंदेइतकीच घातक असते.

परीक्षकाने निकालानंतर प्रत्येक स्पर्धकास त्याचा एक गुण व एक दुरुस्त करता येण्याजोगा दोष सांगितला, तरी या परंपरेचे सार आपल्या महाविद्यालयांत उतरेल.